आठवीत एनसीसीला नाव घालताना: फॉर्मपासून 'ए' प्रमाणपत्रापर्यंत

शाळा सुरू होऊन महिना झाला की आठवीच्या वर्गात सूचना फिरते: एनसीसीत यायची इच्छा असणाऱ्यांनी शनिवारी मैदानावर हजर राहावं. शाळेच्या ट्रूपचं, म्हणजे एनसीसीच्या गटाचं, काम बघत असल्यामुळे त्यानंतरच्या आठवड्यात मला पालकांचे दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "सर, यात गेलं की पुढे मिलिटरीत जावंच लागतं का?" आणि दुसरा, "दहावीला मार्क किती मिळतात?" दोन्हींची उत्तरं पुढे देतोच. पण या दोन प्रश्नांवरच मुलाचं नाव घालायचं की नाही हे ठरवू नका. तेरा-चौदा वर्षांच्या मुलावर आणखी दहा मुलांची जबाबदारी टाकणारी, आणि ती कशी पेलायची हे धीराने शिकवणारी दुसरी फारशी जागा आपल्या शाळांमध्ये नाही. एनसीसीकडे मी त्या नजरेने बघतो, आणि तुम्हीही तसंच बघावं असं मला मनापासून वाटतं.

आधी गैरसमज बाजूला ठेवू

एनसीसी म्हणजे राष्ट्रीय छात्र सेना. पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली १९४६ साली नेमलेल्या समितीच्या शिफारशींवरून १९४८ चा कायदा झाला आणि १५ जुलै १९४८ रोजी संघटना उभी राहिली. पुढच्याच वर्षी मुलींचा विभाग आला, १९५० ला हवाई आणि १९५२ ला नौदल विभाग. ती संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत चालते. लेफ्टनंट जनरल दर्जाचे अधिकारी तिचे महासंचालक असतात आणि शिकवायला लष्करातले हवालदार व सुभेदार येतात.

असं असलं तरी कॅडेटवर सैन्यात जाण्याचं कोणतंही बंधन नसतं. बॉन्ड नसतो आणि युद्ध झालं म्हणून कॅडेटला कोणी बोलावत नाही. संघटनेच्या लेखी उद्दिष्टांत चारित्र्य, बंधुभाव, शिस्त, नेतृत्व, धर्मनिरपेक्ष दृष्टी, साहस आणि निःस्वार्थ सेवा हे सगळं आहे. सैन्यात जावंसं वाटेल असं वातावरण देणं हेही आहे, पण ते त्यातलं एक. घरातल्या आजोबांना कदाचित वेगळं आठवत असेल. १९६२ च्या युद्धानंतर काही वर्षं कॉलेजांत एनसीसी सक्तीची होती. १९६८ पासून ती पुन्हा ऐच्छिक झाली आणि आजही ऐच्छिकच आहे.

आणखी एक घोळ नेहमी होतो. साताऱ्याची सैनिक स्कूल किंवा छत्रपती संभाजीनगरची एसपीआय (सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट) या निवासी संस्था आहेत, त्यांच्या प्रवेश परीक्षा वेगळ्या. शाळेतलं आरएसपी (रोड सेफ्टी पेट्रोल), एमसीसी (महाराष्ट्र कॅडेट कोअर) किंवा स्काउट-गाईड हेही वेगळं. एनसीसीत मुलगा आपल्याच शाळेत, आपल्याच वर्गात राहतो आणि आठवड्यातले काही तास परेडला जातो.

शाळेत ट्रूप आहे का, हे पहिलं बघा

एनसीसीत नाव शाळेमार्फतच घालता येतं. बाहेरून, क्लास लावल्यासारखा प्रवेश मिळत नाही. शाळेच्या मुलांचा गट कनिष्ठ विभागात मोडतो. मुलांसाठी ज्युनिअर डिव्हिजन, म्हणजे बोलण्यात 'जेडी', आणि मुलींसाठी ज्युनिअर विंग, म्हणजे 'जेडब्ल्यू'. प्रशिक्षण दोन वर्षांचं. बहुतेक शाळा आठवीत घेतात म्हणजे नववीअखेर ते पूर्ण होतं, काही शाळा नववीत घेतात. माझं मत विचाराल तर आठवीच बरी. नववीत घेतलेल्या मुलाची परीक्षा दहावीच्या बोर्डाच्या धामधुमीत येते आणि परेड बुडायला लागतात.

महाराष्ट्रासाठी मुंबईला संचालनालय आहे आणि त्याखाली मुंबई अ व ब, पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नागपूर असे ग्रुप आहेत. ग्रुपखाली बटालियन, बटालियनखाली शाळांचे ट्रूप. गोव्यातल्या आणि बेळगाव-निपाणीकडच्या मराठी शाळा कर्नाटक-गोवा संचालनालयाखाली येतात, त्याचं मुख्यालय बंगळुरूला. हे सांगण्याचं कारण एवढंच की तक्रार असो वा चौकशी, तुमचं दार बटालियनचं कार्यालय हे आहे. शाळा कुठल्या बटालियनला जोडलेली आहे ते एकदा विचारून वहीत लिहून ठेवा.

शाळेत एनसीसी नसेल तर? मुख्याध्यापकांनी बटालियनकडे अर्ज करावा लागतो. शाळेला मैदान हवं आणि अधिकारी म्हणून प्रशिक्षण घ्यायला तयार असलेला शिक्षक हवा. ट्रूपची संख्या मंजुरीनेच वाढते, त्यामुळे रांग लांब असते. खर्च स्वतः उचलायला तयार असलेल्या शाळांसाठी स्वयंअर्थसहाय्य योजना आहे. पण आज अर्ज केला आणि यंदाच परेड सुरू झाली असं सहसा होत नाही, तेव्हा मोठ्या मुलापेक्षा धाकट्यासाठी हा प्रयत्न कामी येतो. पालक-शिक्षक संघाने हा विषय लावून धरला तर शाळा हलतात.

लष्कर, नौदल की हवाई दल हे निवडायला मिळत नाही. शाळेला जे युनिट मिळालेलं असतं तेच. किनाऱ्यालगतच्या शाळेत नौदलाचं असेल तर होडी वल्हवणं, गाठी मारणं, जहाजाच्या प्रतिकृती करणं असं वेगळं शिकायला मिळतं. हवाई दलाकडे विमानांच्या प्रतिकृती असतात. बहुतेक शाळांत लष्करी विभाग असतो, म्हणून पुढचं सगळं त्याच्याबद्दल आहे.

पात्रता आणि कागदपत्रं

मूल शाळेत शिकत असावं, वय किमान बारा आणि साडेअठराच्या आत, वर्तणूक चांगली, प्रकृती धडधाकट. भारताचं किंवा नेपाळचं नागरिकत्व लागतं. परदेशात जन्मलेलं आणि तिकडचा पासपोर्ट असलेलं मूल पुण्यात शिकत असलं तरी चालत नाही. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे, आणि अशा मुलाचा हिरमोड निवडीच्या दिवशी होण्यापेक्षा आधीच घरी सांगितलेलं बरं.

फॉर्म हल्ली ऑनलाइन भरतात आणि शाळा-युनिट तो मंजूर करतं. हाताशी आधार कार्ड, फोटो, रक्तगट, अंगावरच्या ओळखखुणा, डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला, पालकांची लेखी संमती आणि मुलाच्या नावाचं बँक खातं ठेवा. खातं महत्त्वाचं, कारण युनिफॉर्मचे पैसे हल्ली थेट कॅडेटच्या खात्यात जमा होतात. शून्य शिलकीचं खातं चालतं. नावाचं स्पेलिंग आधार, शाळेचं रजिस्टर आणि पासबुक या तिन्हीकडे अक्षर न् अक्षर सारखं आहे ना, हे फॉर्म भरण्याआधी ताडून पाहा. प्रमाणपत्रावर तेच नाव छापून येतं आणि पुढे भरतीच्या वेळी एका अक्षराने मुलं अडतात. दमा, फिट येणं, हृदयाचा त्रास असं काही असेल तर लपवू नका. एखाद्या मुलाला नाकारलं जाईलही, पण उन्हात कोसळण्यापेक्षा ते परवडलं.

निवडीचा दिवस

जागा कमी आणि इच्छुक जास्त, म्हणून निवड. प्रत्येक शाळेत पद्धत थोडी वेगळी. साधारणपणे उंची-वजन बघतात, थोडं पळवतात, जोर-बैठका काढायला लावतात आणि चार प्रश्न विचारतात. एनसीसी कधी स्थापन झाली, ब्रीदवाक्य काय ('एकता और अनुशासन'), एनसीसी दिन कधी (नोव्हेंबरचा चौथा रविवार), एवढं पाठ असावं. पण खरी पारख दुसरीकडेच चालू असते. रांगेत ताटकळत उभं असताना मुलगा काय करतो, पुढच्याला ढकलतो का, दुसरा धडपडला तर हसतो की हात देतो, हे हवालदारसाहेब गुपचूप बघत असतात. बारीक चणीच्या किंवा चष्मा असलेल्या मुलांनी नुसत्या अंदाजाने मागे हटू नये. इथे पैलवान निवडायचे नसतात.

मागच्या वर्गात गप्प बसणारं, कुणाच्या नजरेत न भरणारं मूल असेल तर त्याला मुद्दाम पाठवा. ज्याला आधीच सगळे 'लीडर' म्हणतात त्याच्यापेक्षा या मुलाला एनसीसीची जास्त गरज असते.

युनिफॉर्म

खाकी युनिफॉर्म, बेरेट (गोल लोकरी टोपी), त्यावर लाल हॅकल म्हणजे तुरा, बेल्ट, काळे बूट, छातीवर नावाची पट्टी. काही वस्तू युनिट देतं, काहींचे पैसे खात्यात येतात. शिवताना वाढत्या अंगाचा विचार करा: पँटची आत दुमड ठेवा, बूट एक नंबर मोठे घेऊन आत जाड मोजे घाला.

नवी बेरेट डोक्यावर टोपलीसारखी फुगते. ती कोमट पाण्यात भिजवा, पिळून काढा आणि ओली असतानाच मुलाच्या डोक्यावर बसवा. पट्टी कपाळावर भुवयांच्या थोडी वर आणि सरळ, बिल्ला डाव्या डोळ्याच्या वर, राहिलेलं कापड उजवीकडे ओढून कानाकडे दाबलेलं. तशीच वाळू द्यायची. एकदोनदा असं केलं की ती बसते. बुटाला पॉलिशचा पातळ थर, मग किंचित ओल्या फडक्याने टोकावर छोटे गोल फिरवत राहायचं. बेल्टच्या पितळेला ब्रासो.

हे सगळं मुलाने स्वतः करायचं. आईने पहाटे उठून इस्त्री केलेला युनिफॉर्म मला लगेच ओळखू येतो, कारण त्या मुलाला सुटलेलं बटण लावता येत नसतं. सुई-दोरा त्याच्या हातात द्या आणि बोटाला एखादी टोचली तरी मध्ये पडू नका.

परेडचे पहिले महिने

इथे मुलं गळतात. त्यांना वाटलेलं असतं रायफल, दोरावर चढणं, दिल्लीचं प्रजासत्ताक दिन शिबिर. आणि वाट्याला येतं 'सावधान', 'विश्राम', पुन्हा 'सावधान'. म्हणून हा भाग जरा सविस्तर सांगतो.

'सावधान' म्हणजे टाचा जुळलेल्या, पंजांत तीस अंशांचा कोन, गुडघे ताठ, मुठी बंद, अंगठा समोर आणि पँटच्या शिवणीला टेकलेला, छाती उठलेली, नजर स्वतःच्या उंचीवर समोर. 'विश्राम'ला डावा पाय उचलून बारा इंचांवर ठेवायचा, हात मागे, डाव्या हातावर उजवा. वाचायला दहा सेकंद लागतात. पण तीस मुलांचे पाय एकदम जमिनीवर आले असा एकच आवाज निघायला कित्येक शनिवार जातात. कुणाचा पाय अर्धा क्षण उशिरा पडतो आणि तो आवाज फुटतो. ज्याचा फुटतो त्याला स्वतःलाच कळतं. मग तो शेजाऱ्याचा श्वास ऐकायला लागतो. आपण एकटे नाही, आपल्या चुकीने तीस जणांचं काम बिघडतं, ही गोष्ट मूल इथे अंगाने शिकतं. 'तेज चल'ला मिनिटाला १२० पावलं ही गती एकदा भिनली की मूल रस्त्यानेही वेगळं चालायला लागतं. पालक हे मला येऊन सांगतात.

मैदानात काही गोष्टी सांभाळायच्या. परेडला उपाशी पोटी पाठवू नका. भाकरी-भाजी, पोहे, दूध-केळं, काहीही चालेल, पण पोटात काही हवं. आदल्या रात्रीपासून पाणी नीट प्यायलेलं असावं. बराच वेळ 'सावधान'मध्ये उभं राहताना बुटातल्या बुटात पायाची बोटं हलवत राहायचं, म्हणजे घेरी येत नाही. आलीच तर खाली बसायचं आणि शेजाऱ्याला सांगायचं. उभं राहून कोसळण्यात कसलंही शौर्य नाही. परेडनंतर नाश्ता मिळतो, आणि त्याच्या रांगेत लहान कॅडेट आधी, सीनिअर नंतर अशी पद्धत चांगल्या ट्रूपमध्ये असते. तुमच्या शाळेत उलटं दिसलं तर तिथल्या सरांना जरूर विचारा.

शिस्तीची चार सूत्रं पहिल्याच महिन्यात शिकवतात: हसतमुखाने आज्ञा पाळा, वेळ पाळा, गाजावाजा न करता कष्ट करा, सबब सांगू नका आणि खोटं बोलू नका. चौथं सगळ्यात अवघड. उशीर झालेल्या मुलाला "का झाला?" विचारलं की तोंडातून बस, पाऊस, सायकल सगळं बाहेर येतं. "सर, उशिरा उठलो," एवढंच सांगणारं मूल तयार व्हायला कधीकधी वर्ष जातं. घरी हे उत्तर ऐकलंत तर रागावण्याआधी एक क्षण थांबा.

हजेरीचं गणित पक्कं ध्यानात ठेवा. ७५ टक्के हजेरी नसेल तर 'ए' प्रमाणपत्राच्या, म्हणजे कनिष्ठ विभागाच्या शेवटच्या, परीक्षेला बसता येत नाही. परेडच्या वेळीच ट्यूशन लावलेली असेल तर ती बदला किंवा एनसीसी सोडा. दोन्हीकडे अर्धं अर्धं केलेल्या मुलाच्या हाती काहीच लागत नाही.

कवायतीपलीकडे

अभ्यासक्रमात नकाशावाचन, राष्ट्रीय एकात्मता, आरोग्य आणि स्वच्छता, प्रथमोपचार, आपत्ती व्यवस्थापन, व्यक्तिमत्त्व विकास, समाजसेवा असे विषय आहेत. वर्गात ते कोरडे वाटू शकतात. मैदानावर कंपास घेऊन उत्तर शोधायला लावलं की भूगोलात नापास होणारा मुलगाही पुढे सरसावतो. डिसेंबर २०२१ पासून एनसीसीने समुद्रकिनाऱ्यांवरचं प्लास्टिक गोळा करण्यासाठी 'पुनीत सागर अभियान' सुरू केलं, ते पुढे नद्या-तलावांपर्यंत गेलं. कोकणात, गोव्यात राहणाऱ्या कॅडेटला याचा अनुभव मिळण्याची शक्यता जास्त. रक्तदान जनजागृती, वृक्षारोपण, स्वच्छता फेऱ्या सगळीकडे होतात. फोटोपुरत्या झालेल्या फेऱ्याही मी पाहिल्या आहेत. पण भल्या पहाटे प्लास्टिक वेचलेला मुलगा सहलीला गेल्यावर चिप्सचं पाकीट खिशात ठेवतो, हेही पाहिलं आहे.

रायफलची काळजी आयांना फार वाटते. फायरिंग .२२ रायफलने होतं, पोटावर झोपून, पंचवीस यार्डांवरच्या टार्गेटवर. त्याआधी रायफल खोलणं-जोडणं, पकड, श्वास रोखणं आणि ट्रिगर अलगद दाबणं याचे तास घेतलेले असतात. रेंजवर लष्कराचे प्रशिक्षक प्रत्येक कॅडेटजवळ असतात आणि हुकमाशिवाय बोटही हलवायचं नसतं. वाट्याला गोळ्या थोड्याच येतात. मुलांना त्यांचं टार्गेट बघायची उत्सुकता असते. बघताना गोळ्या मध्यभागी लागल्या का यापेक्षा एकमेकींच्या जवळ लागल्या का ते बघायला शिकवा. त्यालाच ग्रुपिंग म्हणतात, आणि हात स्थिर आहे की नाही ते त्यावरून कळतं.

पहिलं शिबिर

वार्षिक शिबिर साधारण दहा दिवसांचं असतं आणि 'ए' प्रमाणपत्रासाठी एक तरी शिबिर करावंच लागतं. राहणं-जेवण एनसीसीकडून. सोबत दोन युनिफॉर्म, पीटीचा ड्रेस, अंथरूण-पांघरूण, ताट-वाटी-मग, टॉर्च, चांगलं कुलूप, कपडे वाळत घालायला दोरी, डास पळवायचं मलम, सुई-दोरा आणि सुटी बटणं द्या. मोजे जास्तीचे द्या. घामाने ओले मोजे पुन्हा घातले की फोड येतात आणि मग पुढचे दिवस लंगडत जातात. नेहमीचं औषध असेल तर चिठ्ठीसकट सरांकडे द्या. किमती घड्याळ, जास्तीचे पैसे देऊ नका. फोन बहुतेक ठिकाणी जमा करून घेतात.

मुलींच्या पालकांना वेगळं सांगतो. राहण्याची सोय स्वतंत्र असते आणि सोबत महिला अधिकारी किंवा गर्ल कॅडेट इन्स्ट्रक्टर असतात. पॅड पुरेसे द्या, वापरलेले टाकण्यासाठी कागदी पिशव्या द्या, आणि पाळी आली असताना त्रास होत असेल तर बाईंना मोकळेपणाने सांगायचं, परेड चुकेल म्हणून सोसत राहायचं नाही, हे घरून निघतानाच बोलून ठेवा.

दिवस पहाटे सुरू होतो. पीटी, नाश्ता, ड्रिल, वर्ग, जेवण, खेळ, संध्याकाळी सांस्कृतिक कार्यक्रमाची तालीम, रात्री रोल कॉल. संडासासाठी रांग, आंघोळीसाठी रांग, जेवणासाठी रांग. दुसऱ्या रात्री बरीच मुलं रडतात. पहिल्या रात्री नवलाई असते, दुसऱ्या रात्री घर आठवतं. अशा वेळी घरी फोन आलाच तर "न्यायला येतो" असं पटकन म्हणू नका. "उद्या जेवायला काय आहे? तुझ्या शेजारी कोण झोपतं?" असं विचारा. चौथ्या दिवसापासून मूल घरी फोन करायलाच विसरतं.

मात्र एका बाबतीत अजिबात तडजोड नको. शिक्षा म्हणून मारहाण, अपमानास्पद काही करायला लावणं, सीनिअरने 'रगडा' देणं हे एनसीसीच्या शिस्तीत बसत नाही. मैदानाला एखादी फेरी मारायला लावणं वेगळं आणि काठी उगारणं वेगळं. तसं काही कळलं तर शाळेतल्या एनसीसी अधिकाऱ्यांना सांगा, मुख्याध्यापकांना सांगा, आणि दखल घेतली गेली नाही तर बटालियनच्या कमांडिंग ऑफिसरना लेखी द्या. "मिलिटरीत असंच असतं" हे उत्तर स्वीकारू नका.

फीत मिळाली की

कॅडेटचा लान्स कॉर्पोरल होतो, मग कॉर्पोरल, मग सार्जंट. अंडर ऑफिसर ही पदं कॉलेजच्या, म्हणजे वरिष्ठ विभागात. शाळेत सार्जंट झालेल्या मुलाला घरी मान मिळतो आणि ते योग्यच आहे. पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती दंडावर पहिली फीत येते ती वेळ. त्या दिवसापासून त्याच्याकडे एक सेक्शन येतो, साधारण दहा मुलांचा.

शिबिरात अशा मुलाला बघायला मिळालं तर बघा. रात्री रोल कॉलला तो 'गिनती कर' म्हणतो, मुलं एक, दोन, तीन म्हणत जातात आणि नऊवर थांबतात. दहावा कुठे आहे? ओरडून उपयोग नसतो. तो पाणी प्यायच्या जागी जाऊन बघतो, तंबूत जाऊन बघतो. दहावा पांघरुणात तोंड खुपसून पडलेला सापडतो, अंग तापलेलं. आता हवालदारांना सांगायचं, डॉक्टरांकडे न्यायचं, त्याचं जेवणाचं ताट बाजूला काढून ठेवायला लावायचं, उद्याच्या स्पर्धेत त्याच्या जागी कोण हे ठरवायचं. हे सगळं नववीतला मुलगा करतो, कारण ते त्याचं काम असतं. घरी ज्याला स्वतःचा डबा धुवायची आठवण करावी लागत होती, तोच हा मुलगा.

फीत मिळाल्यावर मुलं सहसा दोन चुका करतात. एक, आवाज चढवणं. हुकूम पोटातून यायला हवा, स्पष्ट यायला हवा, आणि पाऊल नेमकं कुठे असताना 'थम' म्हणायचं याचा हिशेब असतो. तो जमला की ओरडावं लागत नाही. यासाठी गच्चीवर, मोकळ्या रानात एकट्याने सराव करावा. दुसरी चूक, जवळच्या मित्राला सूट देणं. इथे मुलाला खरंच त्रास होतो. मित्र रुसतो, डब्यात वाटा देत नाही. अशा दिवशी घरी मूल चिडचिडं येतं, आणि कारण सांगत नाही. त्याला विचारा, ऐका, पण निर्णय त्याचा त्यालाच घेऊ द्या.

परीक्षा, मार्क आणि दिल्ली

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी 'ए' प्रमाणपत्राची परीक्षा होते, लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्ही. नियमित आलेल्या मुलाला ती जड जात नाही. रँकची नावं, नकाशातल्या खुणा, रायफलचे भाग, ड्रिलच्या हालचाली एवढ्याची उजळणी पुरे. रेजिमेंटल नंबर, म्हणजे कॅडेटचा एनसीसीतला नोंदणी क्रमांक, तोंडपाठ हवा.

आता मार्कांचा प्रश्न. राज्य मंडळाच्या दहावी-बारावीला खेळाप्रमाणेच एनसीसीसाठीही सवलतीचे गुण आहेत. ते कुठल्या पातळीच्या शिबिरात किंवा स्पर्धेत भाग घेतला यावर ठरतात आणि शाळेने प्रस्ताव मुदतीत पाठवावा लागतो. दहावीच्या पहिल्या सत्रातच शाळेत विचारून ठेवा. फेब्रुवारीत धावपळ करणाऱ्यांचा प्रस्ताव राहून जातो. अग्निवीर भरतीत प्रमाणपत्रानुसार बोनस गुण असतात, 'ए'ला सर्वांत कमी आणि 'सी'ला सर्वांत जास्त. राज्याच्या पोलीस भरतीतही एनसीसी प्रमाणपत्राचा विचार होतो. एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) लेखी परीक्षेत मात्र एनसीसीचे वेगळे गुण धरत नाहीत. केवळ एनडीएसाठी म्हणून नाव घालणाऱ्यांनी हे समजून यावं. लेखी पास झाल्यावर एसएसबीच्या, म्हणजे सैन्यात अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या, मुलाखतीत मुलगा गटासमोर कसा उभा राहतो, तिथे या दोन वर्षांचा उपयोग दिसतो.

प्रजासत्ताक दिन शिबिर हे प्रत्येक कॅडेटचं स्वप्न. दिल्ली छावणीतल्या करिअप्पा परेड ग्राउंडवर महिनाभर ते चालतं आणि जानेवारीअखेर पंतप्रधानांच्या रॅलीने संपतं. देशभरातल्या संचालनालयांतल्या सर्वोत्तमाला पंतप्रधान ध्वज मिळतो, आणि महाराष्ट्राने तो अनेकदा जिंकला आहे. त्यामुळे आपल्याकडे निवडीची चुरस मोठी असते. बटालियन, ग्रुप, संचालनालय अशा गाळण्या लागतात आणि प्रत्येक टप्प्यावर शिबिरं. मुलाची शाळा महिनोन्महिने बुडते. नववीत असेल तर हे पेलतं. वर्गशिक्षकांशी आधीच बोला आणि वह्यांची सोय करून ठेवा. शेवटच्या गाळणीत वगळलेलं मूल घरी आलं की त्याला काही दिवस शाळेचंही नको वाटतं. तेव्हा "पुढच्या वर्षी बघू" म्हणण्याऐवजी त्याने तिथे काय काय पाहिलं ते ऐका. ग्रुपपर्यंत गेलेला कॅडेट ट्रूपमध्ये परतल्यावर धाकट्यांना जे शिकवतो ते मला कुठल्या पुस्तकातून शिकवता येत नाही.

अभ्यासात हुशार कॅडेटसाठी कॅडेट वेल्फेअर सोसायटीच्या शिष्यवृत्त्या असतात. अर्ज शाळेतून युनिटकडे जातो. विचारल्याशिवाय कळत नाही, म्हणून विचारा.

दहावी झाल्यावर

'ए' झालं की कनिष्ठ विभाग संपतो. पुढे वरिष्ठ विभाग: दुसऱ्या वर्षाअखेर 'बी', तिसऱ्या वर्षाअखेर 'सी'. 'सी' असलेल्या पदवीधराला लष्कराच्या एनसीसी स्पेशल एंट्रीतून लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबीला बोलावतात, पण त्यासाठी ग्रेड आणि पदवीचे किमान गुण दोन्ही लागतात. अकरावीला कॉलेज निवडताना तिथे एनसीसी आहे का, आणि असली तर ती अकरावीला घेतात की पदवीच्या पहिल्या वर्षाला, हे फॉर्म भरण्याआधी फोन करून विचारा. मुलं चांगलं कॉलेज मिळाल्याच्या आनंदात हे विसरतात आणि मग 'बी', 'सी' राहून जातं.

शाळा सोडताना युनिटच्या वस्तू परत करून शाळेकडून तसं लिहून घ्या. प्रमाणपत्र परीक्षेनंतर लगेच हातात येत नाही, कधी काही महिने लागतात. तेव्हा दाखला न्यायला जाल त्या दिवशी एनसीसीच्या सरांकडेही डोकावा, मूळ प्रमाणपत्र आलं असेल तर सही करून घ्या, आणि आलं नसेल तर सरांचा नंबर व मुलाचा रेजिमेंटल नंबर एकाच कागदावर लिहून दाखल्याच्या फाईलमध्ये लावून ठेवा.